आजारी म्हणून तपासा

"शेवटची कधी आली होती तुझी पाळी?"

काकूंनी हे विचारलं तेव्हा माझ्या ताटात वरण पडत होतं. पुढं मुली, मागं मुली, सगळ्यांच्या हातात स्टीलची ताटं. वाढणाऱ्या मावशींचा हात जागेवरच थबकला आणि वरण ताटाच्या कडेवरून माझ्या मनगटावर सांडलं. भाजलं.

"तुलाच विचारतेय. कधी आली होती?"

काकू हळू बोलल्याच नाहीत. हळू बोलायची गरज त्यांना वाटली नाही. घर त्यांचं, ताटं त्यांची, आणि आमच्या पोटात काय चाललंय तेही त्यांच्याच मालकीचं. मी म्हणाले, "मागच्या आठवड्यात."

"खोटं बोलू नकोस. मागच्या आठवड्यात तू शेडमध्ये नव्हतीस. त्याच्या मागच्या महिन्यात नव्हतीस. दिवाळीपासून एकदाही नव्हतीस."

मागं कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं. कुणीतरी खुदकन हसलंही. आणि मला कळलं की आता या ओळीतल्या एकूण एक मुलीच्या मनात एकच शब्द आलाय. मी सतरा वर्षांची होते. तो शब्द मी स्वतःसाठी कधी विचारातसुद्धा घेतला नव्हता.

शेड म्हणजे काय ते सांगते. लातूरचं ते घर दुमजली. वर आम्ही कोचिंगच्या मुली, खाली काका-काकू. काका कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. भूकंपानंतर लातूरचं नाव अख्ख्या राज्याच्या तोंडी दोन कारणांनी होतं. एक, ढिगाऱ्याखाली गेलेली माणसं. दोन, गुणवत्ता यादीत झळकणारी पोरं. लोकांना पहिलं आठवायला नको असायचं, म्हणून दुसरं जास्त जोरात सांगायचे. गल्लोगल्ली क्लास निघाले, आणि ज्यांच्याकडं दोन खोल्या जास्तीच्या त्यांनी मुलामुलींसाठी पाट्या लावल्या. काकूंची पाटीही त्यातलीच. 'घरगुती वातावरण', असं तिच्यावर लाल अक्षरात होतं.

त्या घराची एक भिंत भूकंपात चिरली होती. घरात झोपायची भीती बसली म्हणून काकांनी तेव्हा परसात पत्र्याचं शेड ठोकलं. पुढं भिंत लिंपून झाली, भीती ओसरली, सगळे घरात आले. शेड तेवढं राहिलं. त्याला काकूंनी काम लावलं. ज्या मुलीची पाळी येईल तिनं काकूंना सांगायचं आणि शेडमध्ये जायचं. तिथं चटई, वेगळा तांब्या, वेगळं ताट. क्लासला जायला मोकळीक, कारण मार्क बुडता कामा नयेत. क्लास सुटला की परत थेट शेड. देवघर खालच्या मजल्यावर, स्वयंपाकघर त्याला लागून, म्हणून जिना चढायचीही बंदी. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की मुली पुस्तक घेऊन बाहेर लिंबाच्या सावलीत बसायच्या. आणि रस्त्यावरून जाणारी पोरं बघून घ्यायची, आज कोण बसलंय.

काकूंना काही लिहून ठेवावं लागायचं नाही. कोण कधी बसली हे त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. "मुलींची जबाबदारी आहे माझ्यावर. पालकांना काय तोंड दाखवू?" असं त्या म्हणायच्या. थोडक्यात, जी वेळेवर शेडमध्ये बसली ती चांगली मुलगी. जी बसली नाही तिचा संशय.

मी कधीच बसले नाही.

बंड वगैरे काही नव्हतं त्यात. मला बसायचं माहीतच नव्हतं. लोह्याकडचं आमचं गाव. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातून जे जे बाहेर काढलं त्यात हेही गेलं. पाळीत आई भाकरी थापायची, पाणी भरायची, संध्याकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावायची. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी रडत होते. आई हसली. म्हणाली, "रगत हाय ते. अंगातलंच हाय. त्याला का जात हाय का बाट हाय?" आणि पिठात हात घालायला लावला. तेवढंच शिक्षण. ते मी लातूरला घेऊन आले. दिवाळीत राहायला आले, त्या पहिल्याच दिवशी माझं आडनाव ऐकून काकू घटकाभर थांबल्या होत्या, मग म्हणाल्या होत्या, "आमच्याकडं तसलं काही मानत नाहीत हं." मला बिचारीला ते खरं वाटलं. शेडमध्ये मुली बसलेल्या दिसायच्या, पण मला वाटायचं हे यांच्या यांच्यातलं आहे, माझा काय संबंध. कुणी मला विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही.

आणि खरं दुखणं वेगळंच होतं. माझं रक्त थांबत नव्हतं. पाळी आली की कपड्यावर कपडे बदलत राहायचे, आठ-आठ दिवस. जिना चढताना डोळ्यापुढं अंधारी यायची. नखं पांढरी पडली होती. मी काकूंना म्हणाले होते, "मला डॉक्टरकडं जायचंय." त्या म्हणाल्या होत्या, "परीक्षा जवळ आली की सगळ्यांनाच चक्कर येते. लिंबूपाणी घे." घेतलं. मग एक दिवस फिजिक्सच्या क्लासमध्ये बाकावरून घसरून खाली पडले. शुद्धीवर आले तर उलटी झाली. सरांनी रिक्षात घालून घरी पाठवलं. रिक्षावाल्यानं काकूंना सांगितलं, "पोरीला चक्कर आली, वकली." काकूंनी चक्कर आणि ओकारी यांची बेरीज केली, त्यात रिकामं शेड मिळवलं. त्याच संध्याकाळी ताट हातात असताना मला विचारलं.

मी खरं सांगितलं. म्हणाले, "काकू, पाळी येते मला. लई येते. मी सांगत नव्हते फक्त. आमच्यात बसत न्हाईत."

काकूंचा चेहरा मला आजही दिसतो. त्यांच्यापुढं आता दोनच रस्ते होते. एकतर मी खरं बोलतेय, म्हणजे दिवाळीपासून मी तशीच त्यांच्या देवघरासमोरून जातेय, त्यांच्या माठातलं पाणी पितेय, त्यांच्या पोळ्यांना हात लावतेय. नाहीतर मी खोटं बोलतेय आणि पोटुशी आहे. त्यांनी क्षणभर विचार केला. मी पोटुशी असणं त्यांना सोपं वाटलं. आपलं घर बाटण्यापेक्षा माझी अब्रू जाणं परवडलं त्यांना. हा हिशोब मला तेव्हा नीट मांडता आला नाही. पण डोक्यात जी तिडीक गेली ती इतक्या वर्षांत उतरलेली नाही.

"तुझ्या वडलांना बोलावते," काकू म्हणाल्या.

गावात फोन किराणा दुकानात. दुकानदारानं बाबांना निरोप दिला तो असा : "लातूरच्या बाईचा फोन होता. पोरीचं काहीतरी लफडं झालंय." बाबा बांधकाम खात्यात रस्त्यावरचे मजूर. डांबर, खडी, खड्डे. ते दुसऱ्या दिवशी एस.टी.नं आले, लग्नाकार्यातला पांढरा सदरा घालून. चांगले कपडे घातले की लोक बरं बोलतील असं त्यांना वाटायचं. काकूंच्या ओट्यावर ते चप्पल काढून उभे राहिले. त्यांना कुणी बस म्हटलं नाही.

"बाई, माजी पोर तशी न्हाई," एवढंच ते बोलले.

"मीही तेच म्हणतेय हो. म्हणून तर डॉक्टरांकडून खात्री करून घेऊ. तुमच्याच भल्याचं आहे." काकूंच्या आवाजात साखर होती.

डॉक्टरीणबाई काकूंच्या ओळखीच्या. बाहेर बाकावर बायका बसलेल्या, पोटं पुढं आलेल्या, मांडीवर लेकरं. बाबा दाराशी उभे. काकू मला दंडाला धरून थेट आत घेऊन गेल्या, नंबर न लावता. मला आतून बरंच वाटलं. म्हटलं चला, आता तरी कुणीतरी बघेल मला काय होतंय. मी सांगायला तोंड उघडलं, "मॅडम, मला लई..."

डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या काकूंकडं बघत होत्या. "किती महिने?" त्यांनी काकूंना विचारलं.

"दिवाळीपासून."

माझ्या हातात बाटली दिली. "लघवी आण." कशासाठी ते सांगितलं नाही. मला वाटलं आजारासाठी. मी आणली, मुकाट्यानं. दार उघडंच होतं. बाकावरच्या सगळ्या बायका माझ्या हातातल्या बाटलीकडं बघत होत्या. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर थेंब टाकले. वाट बघितली. एकच रेघ आली.

"नाहीये," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, सुटले. आता त्या मला विचारतील, मग चक्कर कशानं येते बाळा? माझी नखं बघतील. पण काकू अजून खुर्चीतच होत्या.

"ही कार्डं चुकतात म्हणे. आणि हे नसेल, पण मुलगी... म्हणजे तसं काही झालेलं आहे का, ते कळेल ना? मला बाकीच्या मुलींचं बघायचंय. आतून बघून टाका ना एकदा."

डॉक्टरीणबाई हातमोजे शोधायला लागल्या. इतकं साधं. जणू खिडकी लावा म्हटलं आणि त्या लावायला उठल्या.

"चढ टेबलावर. सलवार काढ."

ते टेबल हिरव्या रेक्झिनचं होतं, एका कोपऱ्यात फाटलेलं. पडदा अर्धाच ओढलेला. दारातून बाबांचा पांढरा सदरा दिसत होता. त्यांनाही सगळं ऐकू येत होतं. मी टेबलाकडं दोन पावलं गेले, हे खरं आहे. पाय आपोआप जातात. मोठ्या माणसानं सांगितलं की जायचं, डॉक्टरनं सांगितलं की करायचं, याचीच सवय. मग पायच उचलेना. भीती होतीच. पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी उकळत होतं.

"मी न्हाई चढणार."

"अगं, पाच मिनिटांचं काम आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्या करतात."

"कशासाठी?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. त्यांना बहुतेक हे कुणी विचारलंच नव्हतं.

"खात्रीसाठी," काकू मधेच म्हणाल्या.

"कुणाच्या?"

"बघा हो, बघा तुमची मुलगी कशी बोलतेय!" काकूंनी दाराकडं तोंड करून बाबांना हाक मारली. "तुम्हीच सांगा तिला. काही नसेल तर घाबरायचं कशाला?"

बाबा आत आले. हात जोडलेले. मला वाटलं, आता बाबा बोलतील. उन्हातान्हात डांबराच्या धुरात उभा राहणारा माझा बाप. पण त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच त्यांना कुठल्यातरी खड्ड्यातून वर काढावं. "माय," ते म्हणाले, "चढ. एकदाचं मिटू दे. लई लोकं बघून राहिलेत."

तो 'चढ' शब्द सगळ्यात जास्त लागला. काकूंचं बोलणं कातडीवर लागलं होतं. बाबांचं आत लागलं.

मी रडत होते, पण आवाज फुटला. तेव्हा जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्याआधी मी आयुष्यात इतकं सलग कुणापुढं बोलले नव्हते. "मला रगत जातंय. मला चक्कर येते. मी आजारी हाय. आजारी म्हणून तपासा, आता चढते. चोर हाय म्हणून तपासणार असाल तर न्हाई चढणार. बाबांनी सांगितलं तरी न्हाई."

बाहेर एक लेकरू रडत होतं. त्याच्या आईनं त्याला गप्प केलं, ऐकू यावं म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी मोजे परत खोक्यात टाकले. त्यांना माझं पटलं होतं असं मुळीच नाही. त्यांना गर्दी होती. "घेऊन जा हिला. तोंडाळ आहे," त्या काकूंना म्हणाल्या. माझी नाडीसुद्धा कुणी बघितली नाही. आजारी मुलगी आत गेली होती, तोंडाळ मुलगी बाहेर आली. औषध कुणालाच मिळालं नाही.

घरी येताना रिक्षात काकूंना एकाएकी आठवलं की कार्डावर रेघ एकच होती. म्हणजे मी खरंच पाळी येत असताना बसत नव्हते. "म्हणजे इतके महिने तू तशीच...?" त्या सरकून रिक्षाच्या कडेला गेल्या. त्या दिवशीचा हा दुसरा गुन्हा. पहिल्यातून सुटले म्हणून दुसऱ्यात अडकले. "आजच सामान न्या," त्यांनी बाबांना सांगितलं.

मी वर जाऊन ट्रंक भरली. उतरताना शेडच्या दाराशी सुषमा उभी होती. सुषमा माझ्या खोलीतली, उदगीरची, चांगल्या घरातली. काकूंची लाडकी. दर महिन्याला न चुकता शेडमध्ये बसायची, इतर मुलींना काकू तिचं उदाहरण द्यायच्या. तिनं मला आत ओढलं. तिच्या मनगटावर हिरवे-निळे वळ होते. ते मी आधीही बघितले होते, तेव्हा ती म्हणाली होती बसच्या दारात हात सापडला.

"कसली ग तू," ती म्हणाली. "मला असं बोलता येत न्हाई."

मग तिनं भराभर सांगितलं. क्लासमधला एक मुलगा. आधी गोड, मग रोज कुणाशी बोललीस त्याचा हिशोब मागणारा. नाही म्हटलं की हात पिरगाळणारा. सोडून गेलीस तर उदगीरला तुझ्या बापाला जाऊन सगळं सांगतो म्हणणारा. तिला दोन महिने पाळी आली नव्हती.

"मग तू इथं कशी?" मी विचारलं.

"बसावं लागतं. न्हाई बसलं तर काकूंना कळंल."

ती पाळी नसताना बसत होती. मी पाळी असताना बसत नव्हते. आणि काकूंची ती अचूक नजर नेमकी माझ्यावर पडली होती.

मी म्हणाले, "डॉक्टरकडं जा. दुसऱ्या कुठल्यातरी."

ती हसली. वाईट हसली. "तुझं काहीच न्हाई, तर तुझं हे केलं. माझं तर हाय." बाबांनी बाहेरून हाक मारली आणि मी निघाले.

सुषमा परीक्षेला बसली नाही. घरच्यांनी येऊन नेलं आणि त्याच उन्हाळ्यात लांब कुठंतरी लग्न लावून दिलं, असं पुढं एका मुलीकडून कळलं. तिला खरंच दिवस गेले होते, की भीतीनं आणि माराच्या धसक्यानं पाळी लांबली होती, हे कुणालाच कळलं नाही. कळणार कसं? तपासणारं माणूस एकही नव्हतं. निवाडा करणारी मात्र ढीगभर होती.

बाबा आणि मी एस.टी.नं अहमदपूरपर्यंत आलो. तिथं गाडी थांबली, त्यांनी मला चहा आणून दिला. म्हणाले, "चढली असतीस तर परीक्षेपतोर तिथंच राहिली असतीस."

मी विचारलं, "तुमाला पटलं होतं का बाबा, काकूंचं?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या बापावर माझं प्रेम आहे, आणि त्या गप्प बसण्याचा राग पण आहे. दोन्ही आजवर शिल्लक आहेत, आणि मी त्यातलं एकही टाकून दिलेलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी तेच मला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. लांबच लांब रांग. आत एक तरुण डॉक्टर होत्या, डोळे जागरणानं सुजलेले. त्या बाबांना म्हणाल्या, "बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा. मला तिच्याशी बोलायचंय." दार लोटलं. मग माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघण्याआधी त्यांनी विचारलं, "हात लावू का? चालेल?"

मी मान डोलावली. माझ्या अंगाबद्दल कुणी मला विचारतं हेच नवीन होतं. त्यांनी सगळं विचारलं. रक्त किती, किती दिवस, जेवतेस काय. कुणी मारतं का, कुणी धमकावतं का, हेही विचारलं, त्याच आवाजात, जेवणाइतकंच साधं. काकू जे विचारत होत्या तेही त्यांनी विचारलं. पण त्यांना ते माझ्यासाठी कळून घ्यायचं होतं. अंगात रक्तच उरलेलं नव्हतं. दोन दिवस ठेवून घेतलं, बाटल्या लावल्या, पुढं कित्येक महिने लोहाच्या गोळ्या. बरी झाले. इतकं साधं होतं ते दुखणं. परीक्षा गावाकडून दिली. मेडिकलला नंबर लागला नाही. लागला असता की नसता, याचा विचार मी फार करत नाही. केला की हात शिवशिवतात.

बी.एस्सी. केलं, मग समाजकार्य. आज मी किशोरवयीन मुलामुलींच्या आरोग्यावरच्या अभ्यासात काम करते. लातूर-नांदेडची कोचिंगची वसतिगृहं, किनवटकडच्या आश्रमशाळा. मुलींशी बोलते. दुखलं तर कुणाला सांगतेस, दवाखान्यात कोण नेतं, तुझ्याशी कुणी जबरदस्ती करतं का, तू नाही म्हणू शकतेस का. लातूर आता ओळखू येत नाही. क्लासच्या इमारती काचेच्या झाल्या, वसतिगृहांना लिफ्ट आली, बोटाच्या ठशानं उघडणारी दारं आली. शेड कुठं दिसत नाही. पण मुली अजून तेच सांगतात. 'ताई, दवाखान्यात गेलं की आधी वसतिगृहाच्या मॅडमला कळतं, मग घरी कळतं, मग डॉक्टरला.'

मध्यंतरी या अभ्यासाची बैठक होती. बाहेरून आलेले एक मोठे तज्ज्ञ. ते म्हणाले, "मुलाखतीच्या वेळी वसतिगृहाच्या मॅडमना खोलीत बसू द्या. त्यांचा तसा आग्रह आहे. मुलींनाही आधार वाटेल."

मी म्हणाले, "मग मी मुलाखत घेणार नाही."

"अहो, दार उघडं असलं म्हणून काय बिघडलं? लपवण्यासारखं आहे काय?"

माझी कानशिलं तापली. काही नसेल तर घाबरायचं कशाला, तेच वाक्य. फक्त इस्त्री करून आलेलं. मी म्हणाले, "सर, ज्या मुलीजवळ लपवण्यासारखं आहे, तिच्यासाठीच आपण आलोय."

"तुम्ही फार मनावर घेता. अभ्यासकानं तटस्थ असावं. नाहीतर ते वसतिगृह वगळावं लागेल."

"वगळा. आणि का वगळलं तेही अहवालात छापा."

खोलीत सगळे चहाच्या कपात बघायला लागले. मूग गिळून बसायची सवय शिकलेल्या लोकांना जास्त असते. सर माझ्यावर नाराज आहेत. पुढच्या कामात मला घेतील की नाही, माहीत नाही. मी स्वस्थ बसू शकत नाही, हे माझ्याबद्दल आता सगळीकडं सांगितलं जातं. खरंच आहे. नाहीच बसू शकत.

एक गोष्ट मात्र मला कळायला फार वर्षं लागली. ही हकिगत सांगताना माझ्या तोंडून आपोआप पहिलं वाक्य निघायचं : 'माझं तसं काहीच नव्हतं हं.' ऐकणारेही सुस्कारा सोडायचे. बिचारी निर्दोष होती, म्हणायचे. एकदा किनवटच्या एका मुलीनं हे ऐकून मला सरळ विचारलं, "आन् असतं तर, ताई?"

असतं तर?

असतं तर मला त्या टेबलावर चढवणं बरोबर ठरलं असतं का? माझ्या बापानं हात जोडायला हवे होते का? त्या पोरीनं मला जागं केलं. एका रेघेच्या जोरावर मी इतकी वर्षं ताठ उभी होते, आणि माझ्या मागं सुषमा उभी होती, जिच्या कार्डावर कदाचित दोन आल्या असत्या. तिला माझ्याइतकाच दवाखाना लागत होता. माझ्यापेक्षा जास्त.

आता मी मुलीसमोर बसले की आधी दार लावते. मग तिला सांगते, कुठली गोष्ट माझ्यापाशीच राहील आणि कुठली गोष्ट कायद्यानं मला पुढं कळवावीच लागेल. हे आधी सांगते, तिनं तोंड उघडायच्या आधी. काय सांगायचं ते तिनं ठरवायचं. काही मुली काहीच सांगत नाहीत आणि उठून जातात. जाऊ द्या. तो त्यांचा हक्क आहे.

पण जी सांगेल, तिच्या आणि औषधाच्या मधे जो कुणी येईल, मालकीण असो, डॉक्टर असो, तज्ज्ञ असो, तिचा सख्खा बाप असो, त्याच्याशी मी भांडणार. आजारी असेल तर उपचार. मार खाल्ला असेल तर संरक्षण. दिवस गेले असतील तरी उपचार आणि संरक्षण, दोन्ही. आधी चांगली मुलगी आहेस का ते सिद्ध कर, असं मी कुणाला विचारणार नाही, आणि माझ्यासमोर कुणाला विचारू देणार नाही.